गाडी आपटते, त्या प्रसंगाचं काय करायचं?

सुट्ट्या लागल्या की माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो: अमुक कार्टून सिनेमा मुलांना दाखवू का? सिनेमा खेळाचा किंवा शर्यतीचा असला की आईवडील बहुधा निर्धास्त असतात. भुतं नाहीत, बंदुका नाहीत, उलट ‘जिद्द तरी शिकतील’.

बडोद्याच्या दांडिया बाजारातली एक आई मात्र निर्धास्त नव्हती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी दहा वर्षांची, मुलगा साडेपाचचा आणि लाल गाडी उशाशी घेऊन झोपणारा. दोघांना ‘कार्स ३’ बघायचा होता. २०१७ सालचा हा सिनेमा. त्यातला नायक, लाल रेसिंग गाडी लायटनिंग मॅक्वीन, नव्या दमाच्या प्रतिस्पर्ध्याला गाठायच्या नादात ताबा सुटून कोलांट्या खातो. आईने मोबाइलवर तेवढाच तुकडा बघितला होता.

“ताई, दाखवू की नको, एवढंच सांगा.”

तेवढंच सांगता येत नाही, हीच तर पंचाईत. अमेरिकेत या सिनेमाला ‘जी’ म्हणजे सर्वांसाठी असं प्रमाणपत्र आहे. आपल्याकडेही २०२४ च्या नियमांपासून ‘यूए’चे, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या सिनेमांचे, ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट झालेत, ते चांगलंच झालं. पण सेन्सॉरवाले सिनेमा तपासतात, तुमचं मूल नाही. म्हणून मी सिनेमा बाजूला ठेवला आणि विचारलं, “घरात एवढ्यात काही घडलंय का?”

“नाही हो, विशेष काही नाही.” मग जरा थांबून, “म्हणजे, यांचा पाय सोडला तर.”

पावसात मांडवीजवळ स्कूटर घसरून वडिलांच्या पायाचं हाड मोडलं होतं. ते घरीच होते, आणि धाकटा त्या प्लास्टरवर स्केचपेनने गाड्या काढत बसायचा. शेजारच्या मुलाला जो प्रसंग किरकोळ वाटेल, तो या घरात किरकोळ राहणार नव्हता. मुलीचं काय, असं विचारल्यावर आई म्हणाली, “ती काय, मोठी आहे.”

मुलं पडद्यावरच्या कशाला घाबरतात यावर जोअॅन कँटर या अमेरिकन संशोधक बाईंनी पुष्कळ काम केलंय. साधारण सातच्या आतली मुलं डोळ्यांना दिसतं त्याला घाबरतात: अक्राळविक्राळ तोंड, अचानक झालेला मोठा आवाज. त्याहून मोठी मुलं ‘हे आपल्याकडे घडलं तर?’ याला घाबरतात. त्यामुळे लहानग्याला “अरे, खोटं असतं ते” सांगून फारसं भागत नाही. त्याला मांडीवर घ्यावं, हातात खाऊ द्यावा, आवाज कमी करावा.

मी त्यांना म्हटलं, आधी तुम्ही दोघं अख्खा सिनेमा बघा. तुकड्यात फक्त धक्का असतो, पुढचं सावरणं नसतं. मग मुलांना घरीच दाखवा, म्हणजे हवं तिथे थांबवता येईल. आणि दुपारी, झोपायच्या तोंडावर नको. गोष्ट आधीच सांगून टाका: गाडी आपटते, मग ती दुरुस्त होते. शेवट कळला की आपली मजा जाते, या वयाची नाही. नाहीतर मुलांनी तीच ती गोष्ट रोज रात्री मागितली असती का?

अपघात बिनबोभाट पार पडला. वडिलांना टेकून बसलेल्या मुलाने स्वतःच “आता आपटणार!” म्हणून जाहीर केलं. अडला तो भलत्याच ठिकाणी. चिखलात गाड्या एकमेकींना धडका देतात, तिथे शिंगांसारख्या धुराड्यांची एक दांडगी स्कूल बस येते. तिला बघून त्याने चादरीत तोंड खुपसलं. (नशीब, तो शाळेत रिक्षाने जातो.) सिनेमा थांबवला, शेव-उसळ झाली, आणि तेवढा भाग पुढे ढकलून बाकीचा बघितला. एवढा प्रसंग गाळला म्हणून काही बिघडत नाही.

पुढे आईचा फोन आला तो मुलीबद्दल. मला याचं नवल वाटलं नाही. त्या सिनेमाचा खरा विषय अपघात नाहीच. तरुण गाड्या आल्या, आता तुझं काय, हा आहे. शेवटच्या शर्यतीत मॅक्वीन आपली जागा त्याच्या तरुण प्रशिक्षक गाडीला, क्रूझ रामिरेझला देतो. हरणाऱ्याची टिंगल न करणारा सिनेमा म्हणून मला तो आवडतो, पण दहा वर्षांच्या मुलीने त्यातून वेगळंच उचललं. रात्री ती वडिलांना म्हणाली, “बाबा, तुम्ही घरी आहात तोवर ऑफिसात तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला घेतलं तर?”

दोन-चार दिवस असे प्रश्न, एखादं वाईट स्वप्न, यात काळजीचं कारण नसतं. आठवडे लोटले तरी झोप उडत असेल, गाडीवर बसायलाच मूल नकार देत असेल, तर भेटा. इथे तशी वेळ नव्हती. मोठ्या मुलांना मात्र समजावून सांगण्याचा उपयोग होतो, फक्त सांगायचं ते खरं हवं. “काही होत नाही गं” हे उत्तर नव्हे. मी म्हटलं, वडिलांनीच बोलावं: रजा कधीपर्यंत, पगार चालू आहे का, हजर कधी व्हायचं. त्यांनी रजा मंजूर झाल्याचा मेलच तिच्यापुढे धरला. तिने तो नीट वाचला आणि विचारलं, “मग पुढच्या पावसाळ्यात स्कूटर कोण चालवणार?”

त्यावर त्या घरात अजून एकमत झालेलं नाही.