पाळकाशी संवाद : मुलाने सांगितले, आता मी कोणाला सांगू?

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, सलाम. आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातील एका गावात राहतो. आमच्या घरात तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती विश्वास आहे. माझा चोवीस वर्षांचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. नाताळच्या सुट्टीत त्याने मला एकटीला सांगितले की, तो समलिंगी आहे आणि हे त्याला नववी-दहावीपासून ठाऊक आहे. मी फक्त माझ्या बहिणीशी बोलले. ती म्हणते, उपास-प्रार्थनेच्या सभेत नेऊन त्याच्यासाठी सुटकेची प्रार्थना करून घ्या आणि लगेच लग्न उरकून टाका. माझे यजमान मंडळीच्या कमिटीवर आहेत; त्यांना अजून काही माहीत नाही. आमच्या पाळकांना सांगावे का? – एक आई

उत्तर : प्रिय भगिनी, लग्नाच्या सल्ल्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्या बाबतीत माझ्या हातून मोठी चूक झालेली आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका वडिलांनी आपल्या मुलाला असेच माझ्याकडे आणले होते. मी त्याच्यासाठी प्रार्थना केली, लग्न झाले की सगळे सुरळीत होईल असे सांगितले आणि ते लग्न मीच लावले. दोन वर्षांनी ती मुलगी माहेरी परतली आणि मला भेटायला आली. तिने एकच विचारले, ‘तुम्हाला हे आधी माहीत होते का?’ त्या दिवशी मला कळले की, मी एकाची नव्हे तर दोघांची फसवणूक केली होती आणि तीही देवासमोर उभे राहून. कोणाच्या तरी लेकीला औषधासारखे वापरण्याचा अधिकार आपल्याला नाही; म्हणून मुलावर लग्नाची सक्ती करू नका आणि यजमानांनाही करू देऊ नका.

सुटकेच्या सभेबद्दलही तितकेच स्पष्ट सांगतो. मुलाच्या अंगात काही शिरलेले नाही आणि त्याला आजारही झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता १९९० मध्येच आजारांच्या यादीतून वगळली. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर, असा कल ‘बदलून देण्याचे’ उपचार करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. हे काम ख्रिस्ताच्या नावाने करणाऱ्यांचा अनुभवही डोळ्यांसमोर आहे : अमेरिकेतील एक्झोडस इंटरनॅशनल ही संघटना तीन दशकांहून अधिक काळ हेच करीत होती, परंतु तिचे प्रमुख ॲलन चेंबर्स यांनी, आपल्या पाहण्यातील बहुतेकांचा कल बदललेला नाही हे कबूल केले आणि २०१३ मध्ये, लोकांना झालेल्या इजेबद्दल जाहीर क्षमा मागून, ती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. मुलासाठी प्रार्थना अवश्य करा. मात्र त्याच्या डोक्यावर हात ठेवून, दहा जणांसमोर, त्याला लाज वाटेल अशी प्रार्थना होऊ देऊ नका.

समलिंगी संबंधांचा निषेध म्हणून बायबलमधील रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय तुम्हाला कोणीतरी उघडून दाखवीलच. त्या वचनांच्या अर्थाविषयी मंडळ्यांमध्ये एकमत नाही आणि ते आहे असे भासवणे मला बरोबर वाटत नाही. कॅथलिक धर्मशिक्षण समलिंगी संबंधांना मान्यता देत नाही, तरीही त्याच धर्मशिक्षण-ग्रंथाच्या २३५८व्या परिच्छेदात अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने स्वीकारावे, त्यांच्याबाबत कसलाही अन्याय्य भेदभाव करू नये, असे लिहिलेले आहे. म्हणजे जे विवाहाविषयीच्या पारंपरिक शिकवणीवर ठाम आहेत त्यांनाही तुमच्या मुलाला दूर लोटण्याची मुभा नाही. माझ्या मते मेंढपाळाचे पहिले काम मेंढराजवळ थांबण्याचे आहे. अर्थाचा वाद त्यानंतर, आणि मुलाची तयारी असेल तरच.

आता पाळकांना सांगण्याविषयी. हे गुपित मुलाचे आहे, तुमचे नव्हे. तेव्हा आधी त्याला विचारा. तो हो म्हणाला तर पाळकांकडून दोन गोष्टींचा शब्द घ्या : ही गोष्ट त्यांच्या घरातही बोलली जाणार नाही आणि घरसभेत ती ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून मांडली जाणार नाही. आपल्याकडे कितीतरी कुटुंबांची अब्रू प्रार्थनेच्या विषयांतूनच गावभर झाली आहे. तसा शब्द मिळत नसेल तर थांबा. बहिणीकडूनही आजच असा शब्द घ्या. वडिलांना कधी सांगायचे हे मुलालाच ठरवू द्या आणि त्या वेळी तुम्ही त्याच्या शेजारी बसा. तुमची झोप उडाली आहे, त्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ क्रमांकावर बोलता येईल. तेथे फोन करण्यात विश्वासाची काही कमतरता नाही. आणि त्याला फोन करा. नाताळनंतर तुम्ही त्याच्याशी काय बोललात, हे पत्रात कोठेच नाही.

प्रश्न : मी एका लहान मंडळीचा नवा पाळक आहे. एक पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्री गेले काही महिने उपासनेला येते आणि आता बाप्तिस्मा मागते. आमच्याकडे स्त्रिया व पुरुष वेगवेगळ्या बाजूंना बसतात, त्यामुळे कुजबुज सुरू झाली आहे. काही वडीलजन बायबलच्या ‘अनुवाद’ या पुस्तकातील २३:१ हे वचन दाखवतात.

उत्तर : त्यांना पुढे यशया ५६ वाचायला सांगा. अनुवादात ज्या षंढाला परमेश्वराच्या मंडळीत मज्जाव आहे, त्यालाच तेथे परमेश्वर आपल्या घरात पुत्र व कन्या यांच्यापेक्षा उत्तम नाव देण्याचे वचन देतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात रथात बसून यशयाचाच ग्रंथ वाचणारा हबशी षंढ, बाप्तिस्मा घ्यायला आता कोणती अडचण आहे, असे विचारतो आणि फिलिप त्याच्यासोबत पाण्यात उतरतो. फिलिपने आधी यरुशलेमहून परवानगी मागवली नाही. व्हॅटिकननेही २०२३ मध्ये, काही अटींसह, पारलिंगी व्यक्तीला बाप्तिस्मा देता येतो असे कळवले आहे.

इतर उमेदवारांना जितकी तयारी करायला लावता तितकीच तिलाही लावा, कमी नाही आणि जास्तही नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत कोणते नाव लिहावे, हे तिलाच विचारा. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१९च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळते, परंतु तुमच्या पाण्यासाठी त्याची गरज नाही. बसायचे कोठे हेही तिनेच सांगावे. ती स्त्रियांच्या बाजूला बसणार असेल तर येत्या रविवारच्या आधी महिला मंडळाच्या दोन-तीन जाणत्या बायकांशी बोला आणि त्यांच्यापैकी एकीला तिच्याशेजारी बसायला सांगा, म्हणजे उपासना चालू असताना कोणी तिला उठवणार नाही.