वाचक विचारतात : व्हॉल्व्हची मेमरी, एका बिटापासून

प्रश्न : घरच्या जुन्या ॲम्प्लिफायरमधून ईसीसी ८२ व्हॉल्व्ह निघाला आहे. त्यावर सुरुवातीच्या संगणकांसारखी मेमरी करून कॉलेजच्या प्रदर्शनात मांडता येईल का?
— वाचक, अमळनेर

उत्तर : येईल, पण त्यात बिट, म्हणजे ० किंवा १, मावेल एकच. या व्हॉल्व्हच्या एका काचेत दोन ट्रायोड असतात; प्रत्येकात कॅथोडकडून प्लेटकडे जाणारे इलेक्ट्रॉन मधली ग्रिड अडवू शकते. प्रत्येकाची प्लेट दुसऱ्याच्या ग्रिडला जोडली की जो चालू असेल तो दुसऱ्याला बंद धरून ठेवतो. एकल्स आणि जॉर्डन या संशोधकांची ही जोडणी, म्हणजेच फ्लिप-फ्लॉप, १९१८ ची, म्हणजे संगणकाच्या बरीच आधीची.

पिन १ आणि ६ या प्लेट. दोन्हींना २२ किलोओहमचा १ वॉटचा रेझिस्टर लावून १५० व्होल्ट डीसी द्या. पिन १ वरून २२० किलोओहम पिन ७ कडे, पिन ६ वरून तेवढाच पिन २ कडे. दोन्ही २२० च्या अंगावर १०० पिकोफॅरडचा कंडेन्सर टाका, पालट झटक्यात होतो. ग्रिड २ आणि ७ प्रत्येकी ४७ किलोओहमने अर्थला. कॅथोड ३ आणि ८ एकत्र बांधून ५.६ किलोओहममधून अर्थला. फिलामेंटसाठी पिन ४ आणि ५ एकत्र करून त्या जोडीत आणि ९ मध्ये ६.३ व्होल्ट, ०.३ ॲम्पिअर लागतील.

दोन्ही ग्रिडवरून अर्थला एकेक पुश बटण घ्या. चालू बाजूच्या ग्रिडचं बटण दाबलं की ती बंद पडते आणि दुसरी चालू होते. बटण सोडल्यावरही तसंच राहतं. हीच तुमची मेमरी. दाखवायला १५० व्होल्ट आणि प्रत्येक प्लेट यांच्यामध्ये लाइन टेस्टरमधला निऑन, १०० किलोओहमसह. जी बाजू चालू, तिचा दिवा लागतो. मल्टिमीटरवर अर्थच्या तुलनेत चालू प्लेटवर ६० च्या आसपास, बंद प्लेटवर १३५ ते १४० आणि कॅथोडवर २२ ते २४ व्होल्ट दिसायला हवेत. दोन्ही प्लेटवर सारखाच आकडा आला, तर आधी १०० पिकोफॅरडचे दोन्ही कंडेन्सर काढून बघा. जुने असतील तर गळतात.

दीडशे व्होल्ट थेट मेनवरून घेऊ नका. ११० व्होल्ट सेकंडरीचा, प्रायमरीपासून पूर्ण सुटा असलेला ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि ४७ मायक्रोफॅरडचा किमान २५० व्होल्टचा कंडेन्सर पुरे. कंडेन्सरवर १०० किलोओहमचा रेझिस्टर कायमचा ठेवा, नाहीतर स्विच बंद केल्यावरही तो बराच वेळ भरलेला राहतो. प्रदर्शनात मुलं हात घालतातच. बटणांखेरीज सगळं ॲक्रिलिकच्या खोक्यात असू द्या.

एनिॲक या सुरुवातीच्या अमेरिकी संगणकात असेच फ्लिप-फ्लॉप दहा-दहाच्या कड्यांत लावून एकेक दशमान अंक धरत. एका अंकामागे ३६ व्हॉल्व्ह जात. मेमरीसाठी दुसरी वाट शोधायची निकड तिथूनच आली.

प्रश्न : असाच फ्लिप-फ्लॉप केला आहे. दिवसा उत्तम चालतो, पण संध्याकाळी मोटारी चालू होऊन व्होल्टेज १८० वर आलं की दिवे लागत नाहीत. व्हॉल्व्ह गेला का?
— वाचक, रावेर

उत्तर : बहुधा नाही. मेन २३० ऐवजी १८० असलं की तुमचे १५० व्होल्ट सुमारे ११७ होतात आणि निऑनच्या वाट्याला ७० च्या आसपास येतात. काही निऑन ६५ ला पेटतात, काहींना ९० लागतात. मीटरने दोन्ही प्लेट मोजा : एक खाली, एक वर असेल तर बिट शाबूत आहे, नुसता दिवा रुसला आहे. पण फिलामेंटही तेव्हा ४.९ व्होल्टवर येतो. तिथे १० टक्क्यांहून जास्त घट चालत नाही. थंड कॅथोड इलेक्ट्रॉन कमी सोडतो आणि म्हातारा व्हॉल्व्ह पालटायचंच नाकारतो. स्टॅबिलायझर लावा.

व्हॉल्व्ह दिवसचे दिवस एकाच स्थितीत तापत ठेवू नका. बंद बाजूच्या कॅथोडवर निकेलमधल्या सिलिकॉनमुळे रोधक थर धरतो आणि मग ती बाजू नीट चालू होत नाही. रेडिओत हे जाणवत नाही, कारण तिथे करंट वाहता असतो. संगणकांसाठी म्हणूनच अत्यल्प सिलिकॉनच्या कॅथोडचे वेगळे व्हॉल्व्ह काढावे लागले.

प्रश्न : पिक्चर ट्यूबमध्येही मेमरी ठेवत, असं वाचलं. भंगारातली टीव्हीची ट्यूब चालेल का?
— वाचक, धुळे

उत्तर : नाही. मँचेस्टरच्या फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न यांच्या पद्धतीत इलेक्ट्रॉनचा किरण पडद्यावरच्या ठिपक्यावर आदळला की येतात त्याहून जास्त इलेक्ट्रॉन तिथून उडतात, आणि ठिपका काही व्होल्टांनी धन होतो, म्हणजे तिथे विद्युतभाराचा खड्डा पडतो. लगोलग शेजारी किरण मारला तर तिथले उडालेले इलेक्ट्रॉन हा खड्डा बुजवतात. खड्डा आहे की बुजला, हेच १ किंवा ०. वाचताना किरण पुन्हा तिथेच नेतात आणि काचेला बाहेरून चिकटवलेल्या धातूच्या पत्र्यावर किंवा जाळीवर उमटणारा बारीक स्पंद (पल्स) ॲम्प्लिफायरने वाढवून पाहतात.

यासाठी पडदा विद्युतरोधक हवा. अलीकडच्या टीव्ही ट्यूबच्या पडद्यामागे ॲल्युमिनियमचा थर असतो, तो भार पसरवून टाकतो. शिवाय टीव्हीत किरण गुंडाळीच्या चुंबकाने वळवतात; इथे ठिपका जलद आणि नेमका गाठायला ऑसिलोस्कोपसारख्या आतल्या पट्ट्या बऱ्या. जुनी ऑसिलोस्कोपची ट्यूब तत्त्वतः चालेल, पण तिला हजार-दोन हजार व्होल्ट लागतात. घरी करू नका.

खरा त्रास पुढेच होता. भार सेकंदाच्या अंशात गळतो, म्हणून सगळे ठिपके सतत वाचून पुन्हा लिहावे लागत. एकच ठिपका फार वेळा वाचला तर शेजारचे बिघडत. पडद्यावर कार्बनचा कण असला की तेवढी जागा बाद. तरीही २१ जून १९४८ ला मँचेस्टरच्या ‘बेबी’ या संगणकाने ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ बिटांच्या अशाच एका ट्यूबवर १७ सूचनांचा पहिला प्रोग्रॅम ५२ मिनिटांत पुरा केला. पुढे आयबीएम ७०१ या संगणकात अशा ७२ ट्यूब होत्या, प्रत्येकीत १०२४ बिट.

प्रश्न : पाऱ्याच्या नळीतही मेमरी ठेवत. सराफ बाजारातून पारा आणून करता येईल का?
— वाचक, जळगाव

उत्तर : नको. पाऱ्याची वाफ विषारी, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ती आणखी निघते. केंब्रिजच्या एडसॅक या संगणकात सुमारे दीड मीटरच्या नळ्या होत्या, एकीत ५७६ बिट ध्वनीच्या स्पंदांच्या रूपात फिरत. तापमान बदललं की पाऱ्यातला ध्वनीचा वेग बदलतो आणि स्पंद वेळेवर पोचत नाहीत, म्हणून तापमानावर सतत लक्ष ठेवावं लागे.