दोन गाड्यांच्या मधला वेळ

"मॅडम, दिवसभर याचं रेल्वे-रेल्वे चालू असतं. शाळेचं काही विचारलं की मात्र 'काही नाही'. हे वेड सुटेल का?"

समुपदेशक म्हणून मला वर्षातून किती पालक हे विचारतात, याची मोजदाद मी आता सोडली आहे. कुणाच्या घरी रेल्वेच्या जागी विमानं असतात, कुणाकडे क्रिकेटचे आकडे. म्हणून इथे एक अनुभव लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि चार महिन्यांच्या भेटी थोडक्यात आणल्या आहेत.

मुलगा तेरा वर्षांचा, राहायला डोंबिवलीत. आई-वडील दोघेही नोकरीला. गणिताचे मार्क घसरलेले, घरी बोलणं जवळपास बंद. पहिल्या भेटीत वीस मिनिटं तो टेबलाच्या कडेकडे बघत बसला होता. मी विचारलं, "तुझं आवडतं इंजिन कुठलं?"

"डब्ल्यूएजी-७."

"तेच का?"

"कर्जतला ते मागे लागतं. घाटात गाडी ढकलतं. पण सगळे फोटो पुढच्या इंजिनाचे काढतात."

मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. बोलायला न येणारा मुलगा असं वाक्य बोलत नाही. त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं, घरात त्याला जागा मिळत नव्हती. माझा कल पहिल्यापासून असाच आहे: आधी नातं बघायचं, मार्क नंतर.

वडिलांना म्हटलं, "एक सुट्टी त्याच्याबरोबर स्टेशनवर घालवा." पुढच्याच रविवारी ते दोघं दादरला गेले आणि दुपारच्या आत परत आले. रविवार म्हणजे मेगाब्लॉक. गाड्या उशिरा, गर्दी भरपूर. त्यात वडिलांनी दहाव्या मिनिटाला चाचणीचे मार्क विचारले. पोराने कानात इयरफोन घातले ते घरी येईपर्यंत काढले नाहीत.

वडील माझ्यापुढे हताश होऊन बसले. "मी वेळ दिला ना, मॅडम?"

"दिलात. पण त्याच्या गाडीत बसून तुम्ही तुमचा प्रवास केलात."

मग दुसरी सहल नीट आखली, आणि कुणालाही करता येईल म्हणून ती सविस्तर सांगते. दिवस शनिवार, ठिकाण कर्जत, म्हणजे मुंबई-पुणे मार्गावर घाटाच्या पायथ्याचं स्टेशन. लोकलने जायचं. कर्जतला उतरल्यावर वेगळं प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं. ते दहा रुपयांचं असतं आणि दोन तास चालतं. पहिल्या वेळेला दोन तास पुरे होतात. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीचा शेवटचा डबा मुंबईच्या बाजूला थांबतो आणि बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं, तिथेच जोडतात, म्हणून प्लॅटफॉर्मच्या त्या टोकाला उभं राहायचं, पण पिवळ्या रेषेच्या मागे. रूळ ओलांडायचा नाही, पूल वापरायचा. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, म्हणून सेल्फी स्टिक घरीच ठेवायची. सोबत पाणी, टोपी आणि एक वही. वहीत रकाने चार: वेळ, गाडी क्रमांक, इंजिनाचा प्रकार व नंबर, आणि इंजिनावर लिहिलेलं शेडचं (जिथे त्याची देखभाल होते त्या ठिकाणाचं) नाव, म्हणजे कल्याण, अजनी, भुसावळ असं. डब्याच्या नंबरातले पहिले दोन आकडे तो डबा बांधल्याचं वर्ष सांगतात. लहान मुलांना हा खेळ फार आवडतो.

वही वडिलांनी लिहायची, सांगायचं मुलाने. हे मी ठरवून केलं. घरात एरवी सांगणारे वडील असतात, लिहिणारा मुलगा. शाळा, क्लास, मार्क हे तीन शब्द दिवसभर बंद. आणि दोन गाड्यांच्या मध्ये काही घडत नसलं तर काही घडवायचं नाही.

पुढच्या भेटीत दोघं आले तेव्हा खोलीत शिरायच्या आधीच मला फरक कळला. मुलगा वडिलांच्या पुढे चालत होता.

वडील सांगू लागले. घाट चढायला निघालेली एक गाडी आली. ते म्हणाले, "वर चाललीय, म्हणजे ही अप ना?"

मुलगा खदखदून हसला. "बाबा, मुंबईकडे येते ती अप! ही डाउन. चढतेय म्हणून काय अप होते?"

"मग मला सांग, इंजिन मागे कशाला?"

पोराने सांगितलं, आणि माझ्यासमोर पुन्हा एकदा सांगितलं. या घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. सगळा भार पुढूनच ओढला तर पुढच्या डब्यांना जोडणाऱ्या कपलिंगवर सगळ्या गाडीचा ताण येतो. मागून रेटलं की तो ताण वाटला जातो, आणि कपलिंग तुटलंच तर मागचे डबे घरंगळत नाहीत. सोलापूरच्या वंदे भारतला बँकर लागत नाही, कारण तिच्या डब्यांखालीच मोटरी आहेत. वडिलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. बाबांना माहीत नसलेलं आपल्याला माहीत आहे, आणि ते ऐकताहेत, हे त्या मुलाने बऱ्याच काळानंतर अनुभवलं.

नंतर तासभर मोठी गाडी नव्हती. दोघं बाकावर वडापाव खात बसले. रुळांकडे बघत मुलगा म्हणाला, "बाबा, त्या क्लासमध्ये सर मार्क मोठ्याने वाचतात. शेवटून."

वडिलांच्या ओठांवर उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं, फक्त "हं" म्हणाले. तेवढ्यात घाटातून मोकळे बँकर खाली उतरून आले. मुलगा उठला, नंबर सांगितला, वडिलांनी लिहिला. परत बाकावर बसून मुलाने आपणहून विषय पुढे नेला: कोण हसतं, आपण हात वर करणं कधी सोडलं, सगळं.

इथे मी फार वेळ थांबले, कारण माझ्याही लक्षात नवीन काही आलं. शेजारी बसून बोलणं सोपं जातं, डोळ्याला डोळा भिडत नाही, हे मी वर्षानुवर्षं पालकांना सांगते. पण त्या दिवशी गाडीने आणखी एक केलं. अवघड गोष्ट अर्धी सांगून झाल्यावर मुलाला उठून जायला एक मानाचं कारण मिळालं, आणि परत यायलाही. जेवणाच्या टेबलावरून उठलं की भांडण होतं. प्लॅटफॉर्मवरून उठलं की फक्त गाडी आलेली असते. तेव्हापासून मी पालकांना असे छंद शोधायला सांगते ज्यात मधून मधून काहीतरी येतं आणि जातं: गळ टाकून मासे धरणं, पक्षी बघणं, रेल्वे.

एक प्रश्न पालक दबक्या आवाजात विचारतात: "हा ऑटिझम तर नाही ना?" नुसत्या तीव्र आवडीवरून तसं म्हणता येत नाही. पण अगदी लहानपणापासून संवादात, समवयस्कांशी मिसळण्यात अडचण असेल, दिनक्रम जरा बदलला की मूल कोलमडत असेल, आवाज-स्पर्शाचा फार त्रास होत असेल, तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. निदान काहीही निघो, आवड काढून घेऊ नका. शिक्षा म्हणून तर कधीच नको. "मार्क आणलेस तरच कर्जत" असं एकदा म्हटलंत की ती सहलही परीक्षा होते.

क्लास बदलला. त्यासाठी वडील आठवडाभर थांबले, मुलाला विचारून मगच सरांशी बोलले. गणित अजून मधलंच आहे. वहीची मात्र पस्तीस पानं भरली आहेत, अक्षर सगळं वडिलांचं. पुढच्या शनिवारी दोघं कसाऱ्याला जाणार आहेत. तिथेही चढ ३७ ला १ आहे, हे या वेळी मला वडिलांनी सांगितलं.