तुझ्या डेबियनवर नॉन-फ्री काय काय आहे ते आधी बघ

अरे, लिनक्स टाकलं म्हणजे सगळं आपोआप फ्री (फुकट या अर्थाने नव्हे, तर ज्याचा कोड कुणीही बघू, बदलू, वाटू शकतं असं) झालं असं समजू नकोस, डेबियन या लिनक्सच्या १२व्या आवृत्तीपासून म्हणजे २०२३ पासून इन्स्टॉलरच गरज असेल तिथे नॉन-फ्री फर्मवेअर (वायफाय कार्डासारखं हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून देतो आणि आपल्या लक्षातही येत नाही.

टर्मिनल उघड आणि चेक-डीएफएसजी-स्टेटस (check-dfsg-status) नावाचं पॅकेज ॲप्टने, म्हणजे डेबियनच्या पॅकेज टाकायच्या कमांडने, टाक. याचंच जुनं नाव व्हीआरएमएस, म्हणजे व्हर्च्युअल रिचर्ड एम. स्टॉलमन, फ्री सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणाऱ्याच्या नावावरून. चालवलंस की नॉन-फ्री आणि कॉन्ट्रिबमधली पॅकेजेस वेगवेगळी दाखवतं, कॉन्ट्रिब म्हणजे स्वतः फ्री पण चालायला नॉन-फ्रीचा आधार लागतो ते.

माझ्या लॅपटॉपवर पहिल्यांदा चालवलं तेव्हा फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय (इंटेलच्या वायफाय कार्डाचं फर्मवेअर) आणि अनरार (आरएआर फाइली उघडणारं) निघाले. अनरार लगेच काढलं, त्याच्या जागी अनार (unar) नावाचं फ्री पॅकेज टाकलं, आरएआर फाइली मस्त उघडतात. वायफायचं मात्र ठेवलं कारण त्याशिवाय कार्ड चालतच नाही, पण आता निदान मला माहितीये की ते आहे आणि का आहे, आणि हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लिस्ट बघून घाबरून सगळं एकदम उडवू नकोस हां, नेट गेलं तर परत टाकायला केबल शोधत बसशील.

अजून एक, हे टूल फक्त पॅकेजवर लिहिलेला सेक्शन, म्हणजे ते नॉन-फ्री किंवा कॉन्ट्रिबमधलं आहे का, तेवढंच वाचतं. त्यामुळे स्नॅप, फ्लॅटपॅक (ॲप्टला वगळून ॲप टाकायच्या पद्धती), किंवा वेबसाइटवरून उतरवलेली डेब पॅकेज-फाइल यातून सहज निसटते, म्हणून फ्लॅटपॅक लिस्ट, स्नॅप लिस्ट या कमांड मारून आणि उतरवलेली डेब आठवून एकेकाचं लायसन्स स्वतः बघ.