कॅनडाच्या फ्रेंच प्रदेशात शिकलं की पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, लवकर मिळतो का?

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. कराडजवळच्या एका गावातून आई, वडील आणि मुलगी असे तिघं परदेशी शिक्षणाचा सल्ला घ्यायला माझ्याकडे आले. वडिलांच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर होतं. त्यात कॅनडाच्या क्युबेक या फ्रेंचभाषक प्रांतातल्या मॉन्ट्रियलच्या एका खासगी कॉलेजचं ऑफर लेटर होतं आणि त्याच्याच खाली सातबाऱ्याचा उतारा. कर्जासाठी सव्वा एकर तारण ठेवायचं ठरलं होतं. फी आणि राहणं मिळून सोळा लाखांचा हिशोब होता, त्यातले ऐंशी हजार एजंटाला देऊन झाले होते.

"मॅडम, एकच विचारायचंय," वडील म्हणाले. "तिकडं फ्रेंच बोलतात, त्यामुळं गर्दी कमी. दोन वर्षांत पीआर मिळतोय म्हणे. पोरीला फ्रेंच येतं. मग अडचण काय?"

हाच प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो, म्हणून त्या कुटुंबाच्या परवानगीने ही हकिगत लिहिते आहे.

मुलगी बी.कॉम. झालेली, पुण्यात एका सीएच्या ऑफिसात वर्षभरापासून काम करत होती. अकरावी-बारावीला तिने पुण्याच्या कॉलेजात फ्रेंच घेतलं होतं, बारावीला शंभरपैकी ब्याण्णव. आपल्याकडे फ्रेंच बहुतेक जण कशासाठी घेतात हे सगळ्यांना माहीत आहे. मार्क पडतात म्हणून. मी तिला म्हटलं, "आपण एक करून बघू." मोबाइलवर रेडिओ-कॅनडाचं फ्रेंच बातमीपत्र लावलं. हवामानाची बातमी होती, जेमतेम दोन मिनिटांची. संपल्यावर तिच्यापुढे कागद ठेवला आणि कळलं तेवढं मराठीत लिहायला सांगितलं.

तिने लिहिलं: बर्फ. उणे अठरा. मंगळवार.

बातमीत काय होतं? वाऱ्याने उडणारा बर्फ, ज्याला तिकडे 'पूद्रेरी' म्हणतात, त्यामुळे बंद झालेला रस्ता, उशिरा भरणाऱ्या शाळा. मी तोच मजकूर तिला लिखित दिला, तर तिने जवळजवळ सगळा वाचून समजावून सांगितला. क्रियापदं तर माझ्यापेक्षा चांगली चालवत होती. वाचता येत होतं, पण कानाला सवयच नव्हती. तिचे डोळे भरून आले. आईने पाठीवर हात ठेवला. मला वाईट वाटलं, पण हे कराडला न कळता मॉन्ट्रियलला कळलं असतं तर जास्त वाईट झालं असतं.

मग ऑफर लेटरकडे वळलो. क्युबेकमध्ये शिकून पीआरकडे जाण्याचा जो रस्ता एजंट सांगत होता, त्याचं नाव पीईक्यू. क्युबेकची पदविका किंवा पदवी घ्यायची, फ्रेंच बोलण्याची सातवी पातळी, म्हणजे युरोपीय मोजणीतली साधारण बी२, दाखवायची आणि प्रांताचं निवड प्रमाणपत्र मिळवायचं. रस्ता खरा होता, पुष्कळ मुलं त्यावरून गेली. पण ३० ऑक्टोबर २०२४ पासून पदवीधरांसाठी तो स्थगित होता. हे तिघं माझ्यासमोर बसले होते तेव्हा स्थगितीला अडीच महिने झाले होते, आणि एजंटाने त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. ते कॉलेज सरकारी अनुदान नसलेलं खासगी कॉलेज होतं. क्युबेकमधल्या अशा कॉलेजांचे अनुदान नसलेले अभ्यासक्रम १ सप्टेंबर २०२३ पासून पूर्ण केले, तर शिक्षणानंतरचा वर्क परमिट मिळत नाही. म्हणजे सोळा लाख घालून कोर्स संपवायचा आणि सामान बांधून परत यायचं.

वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पण कॉलेज खोटं नाही ना?"

खोटं नव्हतं. खरं कॉलेज, खरा कोर्स, खरी फी. फसवणूक खोट्या कागदातच असते असं नाही. जानेवारी २०२२ मध्ये क्युबेकमधली तीन खासगी कॉलेजं पैशांच्या अडचणीचं कारण देऊन एकाएकी बंद झाली, सुमारे दोन हजार भारतीय विद्यार्थी अडकले आणि ओटावातल्या भारतीय उच्चायुक्तालयाला मुलांसाठी सूचना काढावी लागली. तीही कॉलेजं कागदोपत्री खरीच होती. म्हणून पालकांना मी सांगते, कॉलेज खरं आहे का एवढ्यावर थांबू नका. कॉलेज सार्वजनिक आहे की खासगी, त्याच कोर्सवर वर्क परमिट मिळतो का, हे कॅनडा सरकारच्या यादीत स्वतः बघा. यादी सगळ्यांना खुली आहे, तिला एजंट लागत नाही.

मुलीने विचारलं, "मॅडम, मग मॉन्ट्रियलमध्येच इंग्रजीतून शिकले तर? मॅकगिल आहे, काँकॉर्डिया आहे."

विद्यापीठं उत्तम आहेत. पण माझ्याकडून गेलेला नाशिकचा एक मुलगा तिथेच अडकला होता. इंग्रजीतून एम.इंज. केलं, इंग्रजीतूनच नोकरी लागली, मित्र सगळे आपल्याकडचे. फ्रेंच पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहून गेलं. पीआरची वेळ आली तेव्हा हातात फ्रेंचचा एकही दाखला नव्हता. शेवटी चांगली नोकरी सोडून इंग्रजीभाषक ओंटारिओ प्रांतात गेला. त्याला मी जाताना पुरेसं बजावलं नव्हतं, याची मला अजून चुटपुट आहे.

क्युबेकला दोष द्यावा असं मला वाटत नाही. १९७७ पासून तिथे फ्रेंच भाषेची सनद आहे, २०२२ मध्ये तो कायदा आणखी कडक झाला. चारी बाजूंनी इंग्रजी असताना आपली भाषा टिकवायची म्हणून त्यांनी ते केलं. बाहेरून येणाऱ्याने इथली भाषा शिकावी, असं आपण मराठी माणसं मुंबईत म्हणतो. तेच ते म्हणतात. त्यांच्या प्रांतात कायमचं राहायला जायचं आणि भाषा मात्र चुकवायची, असा मार्ग शोधत बसण्यात अर्थ नाही.

आणि तिकडची फ्रेंच पुण्याच्या पुस्तकातली नाही, हेही मुलीला सांगितलं. क्युबेकमधल्या शेरब्रूकला शिकायला गेलेल्या एका विद्यार्थिनीला घरमालकीणबाईंनी 'दिने'ला बोलावलं. पुस्तकात 'दिने' म्हणजे रात्रीचं जेवण. ही संध्याकाळी सात वाजता मिठाईचा डबा घेऊन हजर. क्युबेकमध्ये 'दिने' म्हणजे दुपारचं जेवण, रात्रीचं ते 'सुपे'. बाईंनी दुपारी ताट वाढून वाट पाहिली होती. पोरगी फोनवर रडत होती. नंतर त्याच बाईंनी तिला महिनोन्महिने रोज अर्धा तास बोलायला बसवलं.

पहिल्या भेटीत मी एवढंच म्हटलं, "सातबारा घरी घेऊन जा." एजंटाकडे गेलेले ऐंशी हजार सोडून द्यायला सांगणं जड गेलं. वडिलांनी निम्मे तरी परत मिळवले.

दुसऱ्या भेटीत हिशोब मांडला, आणि तो माझ्या मते या सगळ्यातला महत्त्वाचा भाग आहे. क्युबेक आपले स्थलांतरित स्वतः निवडतं. बाकीच्या कॅनडासाठी केंद्र सरकारची एक्स्प्रेस एंट्री, म्हणजे वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांना गुण देऊन पीआरसाठी निवडण्याची पद्धत, आहे आणि तिच्यात २०२३ पासून फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात. अट अशी की ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही बाबतींत कॅनडाच्या मोजणीची सातवी पातळी हवी आणि राहायचं क्युबेकबाहेर. मार्च २०२५ मध्ये अशाच एका फेरीत साडेसात हजार लोकांना पीआरच्या अर्जाचं बोलावणं गेलं ते ३७९ गुणांवर. त्या सुमाराला कॅनडातच कामाचा अनुभव घेतलेल्या मुलांच्या फेऱ्या पाचशे गुणांच्या वर अडकलेल्या होत्या.

मुलीचं वय तेवीस, पदवी आहे, इंग्रजी चांगलं, हिशेबनिसाच्या कामाचा वर्षाचा अनुभव. कागदावर गुण मांडले. इंग्रजीत नववी पातळी आणि फ्रेंचमध्ये चारही सातव्या आल्या तर सुरुवातीची ६७ गुणांची अट पार होत होती आणि पुढची बेरीज साडेचारशेच्या वर जात होती. म्हणजे पीआरसाठी तिला तिकडे जाऊन शिकण्याची गरजच नव्हती. वडिलांना ते पटेना. "कॉलेजशिवाय?" त्यांनी तीनदा विचारलं.

शिकायला जाण्याला माझा विरोध नाही. शिकायचंच असेल तर न्यू ब्रन्सविकमधलं मोंक्टन विद्यापीठ आहे, फ्रेंच माध्यमाचं आणि सार्वजनिक. तो प्रांत क्युबेकबाहेर असल्यामुळे केंद्राच्या फेऱ्यांचा रस्ता मोकळा राहतो. पण एक खबरदारी. क्युबेकबाहेरच्या फ्रेंच वस्त्यांमध्ये शिकणाऱ्यांसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये कॅनडाने एक खास विद्यार्थी योजना काढली, तिच्यात शिक्षणानंतर थेट पीआरची सोय आहे. ती ठरावीक फ्रेंचभाषक देशांसाठी आहे, भारत तिच्यात नाही. ती तुमच्या मुलाला लागू आहे असं कोणी सांगितलं तर तिथून उठा.

मुलीने नोकरी चालू ठेवून पुण्याच्या आलियाँस फ्राँसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत प्रवेश घेतला. शून्यापासून बी२ पर्यंत साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे तास लागतात. तिचे दीडशेएक झाले होते असं धरू. सकाळी सातला वर्ग, मग ऑफिस. बसमध्ये कानात रेडिओ-कॅनडा. पहिले तीन महिने ती मला रोज एक ओळ पाठवायची, आज किती कळलं त्याची. बरेच दिवस ती ओळ "थोडंसं" एवढीच असायची. जूनमध्ये एकदा सोडून द्यायची भाषाही केली, कारण बरोबरीच्या मैत्रिणी आयर्लंडला पोचल्या होत्या. त्या दिवशी तिला मी गुणांचा तोच कागद परत दाखवला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये क्युबेकने पीईक्यू बंदच केला. आता तिथे दुसरी योजना आहे. तिच्यात आधी नाव नोंदवायचं आणि बोलावणं आलं तरच अर्ज करायचा. वरच्या कौशल्याच्या कामांसाठी फ्रेंच बोलण्याची सातवी आणि लिहिण्याची पाचवी पातळी लागते. बातमी वाचून वडिलांचा फोन आला. "मॅडम, आपण गेलो असतो तर पोरगी आत्ता तिथंच अडकली असती की." मला पटकन काही बोलता आलं नाही.

तिची टीईएफ ही फ्रेंचची परीक्षा झाली. वाचणं, लिहिणं, बोलणं सातवी पातळी. ऐकणं सहावी, एक पायरी कमी. निकाल घेऊन ती एकटीच आली होती, पण या वेळी डोळे कोरडे होते. पुढच्या परीक्षेची फी भरल्याची पावती दाखवली आणि म्हणाली, "बातम्या कळतात आता. दोन माणसं एकदम बोलायला लागली की सुटतं." मग आम्ही तासभर रेडिओवरच्या चर्चा ऐकल्या, दर दोन मिनिटांनी थांबून, कोण काय म्हणालं ते ती मराठीत सांगत गेली.