गाडी उभी राहिली की हीटर गार का पडतो?

प्रश्न : माझी डिझेल गाडी नऊ वर्षांची असून 1,30,000 किलोमीटर चालली आहे. मी नाशिकरोडला राहतो आणि कामानिमित्त पहाटे पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत जातो. वाटेत हीटरची हवा चांगली गरम येते, मात्र दारातल्या रांगेत गाडी चालू ठेवून उभा राहिलो की थोड्याच वेळात ती गार पडते आणि थोडी रेस केली की पुन्हा गरम होते. दर पंधरवड्याला कूलंटच्या टाकीत अर्धा लिटर पाणी घालावे लागते, पण गाडीखाली थेंबही दिसत नाही. एका गॅरेजमध्ये डॅशबोर्ड उतरवून हीटर कॉइल बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. बदलावी का?

उत्तर : इतक्यात बदलू नये. आपण दोन तक्रारी लिहिल्या आहेत, पण त्यांचे मूळ बहुधा एकच आहे. हीटरची कॉइल म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच असतो आणि इंजिनातले गरम कूलंट त्यातून फिरवण्याचे काम वॉटर पंप करतो. बेल्टवर चालणारा हा पंप इंजिनाच्या गतीनेच फिरत असल्याने गाडी उभी असताना त्याचा जोर कमी असतो. कूलंट कमी झाले की आत हवा शिरते, ती उंचावरच्या जागी, म्हणजे अनेक गाड्यांत हीटरच्या कॉइलमध्ये किंवा तिच्या पाइपांत अडकते आणि पंपाचा मंद जोर तिला पुढे ढकलू शकत नाही. रेस केल्यावर प्रवाह वाढतो आणि हवा गरम येते. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा अडकला असता, तर सहसा याच्या उलट घडले असते: धावत्या गाडीत हीटर मंद पडला असता आणि तापमानाचा काटाही खाली आला असता.

थंडीत डिझेल इंजिन उभ्या-उभ्या मुळातच कमी तापते, त्यामुळे पुढच्या वेळी रांगेत तापमानाच्या काट्याकडे लक्ष द्यावे. हवेबरोबर काटाही उतरत असेल, तर इंजिनच गार होत आहे. काटा जागेवर राहून हवा गार पडत असेल, तर कूलंटचा प्रवाह अडतो आहे. हवा गार आणि काटा मात्र वर चढतो आहे, असे दिसल्यास इंजिन तत्काळ बंद करावे.

आता गळतीकडे वळू, कारण खरे काम तिथेच आहे. थेंब न दिसण्याचे साधे कारण असे, की गरम इंजिनावर पडलेले कूलंट जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच वाळते आणि मागे रंगीत, खारट पापुद्रा ठेवते. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना बॉनेट उघडून विजेरीच्या उजेडात होज पाइपांच्या क्लिपा, रेडिएटरच्या कडेचे सांधे आणि वॉटर पंपाची खालची बाजू पाहावी. पंपाला खाली एक बारीक छिद्र असते. आतले सील गेले की कूलंट तिथूनच पाझरते, म्हणून त्या छिद्राखाली गुलाबी किंवा हिरवट ओघळ वाळलेला दिसला, तर चोर सापडलाच म्हणायचे.

काही दिसले नाही, तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्यावी. गार इंजिनाच्या टाकीच्या तोंडावर हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब द्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. दाब उतरला, तर गळती नक्की आहे, आणि इंजिन गार असल्याने थेंब वाळून न जाता दिसतात. झाकणही याच वेळी तपासावे. त्याची स्प्रिंग किंवा रबर गेले असेल, तर कूलंट तिथूनच बाहेर पडते.

दाब उतरूनही बाहेर सगळे कोरडे असेल, तेव्हा मात्र आतल्या दोन जागांचा संशय धरावा लागतो. पुढच्या सीटसमोरचे कार्पेट चिकट-ओले लागणे, केबिनमध्ये गोडसर वास येणे आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुके जमणे ही हीटर कॉइल फुटल्याची लक्षणे आहेत; त्यांपैकी एकाचाही उल्लेख आपल्या पत्रात नाही. दुसरी जागा म्हणजे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधले सील. टाकीत सतत बुडबुडे येत असतील किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नसेल, तर कूलंटमध्ये जळीत वायू मिसळतात का, याची चाचणी करून घ्यावी आणि निकाल हाती येईपर्यंत कसाऱ्याचा घाट टाळावा.

गळती दुरुस्त झाल्यावर नवे कूलंट भरून आत अडकलेली हवा काढणे आवश्यक आहे. हे न केल्यास दुरुस्ती होऊनही हीटर गारच राहतो आणि निष्पाप कॉइलवर पुन्हा आळ येतो. त्यानंतरही तक्रार उरली, तर इंजिन तापल्यावर आणि मग बंद करून, पंखा व बेल्ट थांबल्याची खात्री झाल्यावर, कॉइलकडे जाणाऱ्या दोन्ही पाइपांना जपून हात लावून पाहावा. हीटर पूर्ण गरमवर असताना एक पाइप कढत आणि दुसरा गार लागला, तर कॉइल तुंबलेली असण्याची शक्यता मोठी. तेव्हाही आधी ती धुऊन पाहावी. गळती बंद करणारी पावडर टाकू नये, ती याच बारीक नळ्यांत जाऊन बसते.

प्रश्न : तोपर्यंत बोअरचे पाणी घालत राहिले, तर चालेल का?

उत्तर : अडचणीच्या वेळी एकदा चालेल. एरवी बोअरच्या जड पाण्याचे क्षार आत साचतात आणि आपल्या हिशेबाने सहा महिन्यांत सहा लिटर पाणी आत गेलेले असेल, म्हणजे मूळ कूलंट फारच पातळ झालेले असेल. त्याबरोबर गंजरोधकही कमी झाले. डिस्टिल्ड पाणी आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे कूलंट समप्रमाणात मिसळून ठेवावे, केवळ रंग जुळतो म्हणून दुसरे घालू नये. तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये, आणि काढलेले जुने कूलंट अंगणात ओतू नये. ते गोड लागते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि त्यातील ग्लायकॉल त्यांच्यासाठी जीवघेणे ठरते.