हॅलोवीनला दारात येणाऱ्या पोरांना काय द्यायचं? दार उघडलं नाही तर चालतं का?

तुमचा प्रश्न वाचला. अपार्टमेंट सोडून न्यू जर्सीत नुकतेच स्वतःच्या घरात आलात, 31 ऑक्टोबरला, हॅलोवीनच्या संध्याकाळी, सोंगं घेतलेली पोरं खाऊ मागायला दार वाजवणार असं ऑफिसात कळलं, आणि आता काय द्यायचं, किती आणायचं, दार उघडलं नाही तर शेजारी नावं ठेवतील का, अशी धाकधूक आहे. मी एडिसनच्या बाजूला बरीच वर्षं राहतोय, त्यामुळे इथल्यापुरतं सांगतो.

नावं कुणी ठेवत नाही. पोर्चवरचा दिवा चालू असेल तर या, बंद असेल तर पुढच्या घरी जा, एवढाच हिशोब. चार वर्षांच्या पोरालाही तो ठाऊक असतो. घोळ होतो दिवा चालू ठेवून दार न उघडल्याने, आणि आपल्या घरांत तो हमखास होतो. दिवाळी त्याच सुमाराला येते. 2024 साली तर ऐन दिवाळीतच हॅलोवीन आलं. दारात आकाशकंदील, कठड्याला माळा, पायरीवर पणत्या. पोरांना वाटतं, हे घर तर सगळ्यात तयारीत! ती बेल वाजवत राहतात आणि आत तुमची आरती चाललेली असते. तेव्हा घरातल्या एकाला दाराशी बसवा, नाहीतर तेवढे दोन तास बाहेरची रोषणाई बंद ठेवा. पणत्या तर उचलाच. त्या दिवशीचे पोशाख झिरमिळ्यांचे, पायघोळ आणि स्वस्त कापडाचे असतात, चटकन पेट घेतात. इथली मंडळीसुद्धा दारातल्या कोरलेल्या भोपळ्यात आता बॅटरीची मेणबत्ती ठेवतात ती त्यामुळेच.

वेळेचं म्हणाल तर पाच-साडेपाचला कडेवरची आणि बाबागाडीतली येतात, अंधार पडला की शाळकरी, आणि आठनंतर मिसरूड फुटलेले. एडिसनला त्या दिवशी सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो. पूर्वी घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जायची, त्यामुळे हॅलोवीन काळोखात यायचं. 2007 पासून तो बदल नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी गेला आणि पोरांना तासभर उजेड जास्त मिळाला. साडेआठला दिवा बंद केलात तरी कुणाला काही वाटत नाही.

काय द्यायचं? दुकानातली, छोट्या आकाराची, वेष्टणातली चॉकलेटं. किटकॅट, ट्विक्स, एम अँड एम्स, काहीही. घरचं काही नको. चकली, लाडू, शंकरपाळे कितीही झकास झाले असले तरी सुटे दिलेत तर पोराचे आईबाप घरी जाऊन टाकून देणार. अनोळखी माणसाने चॉकलेटात विष किंवा ब्लेड घातल्याची भीती इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने या विषयाचा अनेक वर्षं माग काढला. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊने एखादं मूल दगावल्याची एकही खात्रीलायक घटना त्यांना सापडली नाही. 1974 साली टेक्ससमध्ये खाऊतल्या सायनाइडने एक मुलगा खरंच गेला, पण ते त्याच्या सख्ख्या बापाने विम्याच्या पैशांसाठी केलं होतं. भीती मात्र टिकली ती परक्यांचीच. असो, त्यावर वाद घालायला ही संध्याकाळ नाही, वेष्टणातलं द्या.

शेंगदाण्याची ॲलर्जी मात्र भीती नव्हे, खरोखरच जिवावरचं दुखणं आहे. रीसेस आणि स्निकर्समध्ये शेंगदाणा असतो, म्हणून वाडग्यात ते एकटेच नसावेत. दारात निळसर हिरवा भोपळा दिसला, तर समजा की त्या घरी ॲलर्जीवाल्या मुलांसाठी स्टिकर, पेन्सिली, चेंडू असं न खाण्याचं काही ठेवलंय. ही चळवळ 2014 पासून देशभर पसरली. तुम्हीही थोड्या पेन्सिली आणून ठेवा, उरल्या तर वाया जात नाहीत. आणि शाकाहारी घरांसाठी एक सूचना: गमी बेअर आणि मार्शमेलोत बहुधा जिलेटिन असतं. उरलेलं आपणच खाणार, तेव्हा विकत घेतानाच पाकिटामागचं वाचा.

किती आणायचं हे मला विचारू नका, शेजारणीला विचारा. एकाच गावात एका गल्लीत रांग लागते आणि पलीकडच्या रस्त्यावर चिटपाखरू फिरकत नाही. पदपथ असलेल्या, घरं जवळजवळ असलेल्या गल्लीत लोक गाडीत घालून पोरं आणतात. वाडगा पोरापुढे धरू नका, आपल्या हाताने एकेक-दोनदोन पिशवीत टाका. गेल्या खेपेला माझी आई भारतातून आली होती आणि दार तिने हातात घेतलं. पहिल्याच परीराणीला ओंजळभर दिलं, 'अगं, एवढुशी आहेस, आत ये, पाणी पिणार का?' म्हणून दार सताड उघडलं. परीराणीची आई फाटकापाशी हसत उभी होती, पण पोरगी भांबावून दोन पावलं मागे सरली. मी आईच्या कानात म्हटलं, 'आत नाही बोलवायचं, उंबऱ्यावरच सगळं.' तिला ते उद्धटपणाचं वाटलं. आमचं मूळ गाव रत्नागिरीकडचं, तेव्हा म्हटलं, शिमग्यात सोंगं येऊन पोस्त मागतात तेव्हा आपण त्यांना चहाला बसवतो का? हे मात्र तिला लगेच पटलं. नंतर सात वाजेपर्यंत ती प्रत्येकाला 'तू कोण झालायस?' विचारत होती, मराठीतच, आणि पोरं बरोब्बर उत्तर देत होती.

ते विचारणं महत्त्वाचं आहे बरं का. पोराने आठवडाभर त्या पोशाखाचा ध्यास घेतलेला असतो. ओळखता आलं नाही तर सरळ विचारा, अंदाज ठोकू नका. डायनासोरला मगर म्हटलं तर फार मनाला लागतं.

मोठी, सोंगबिंग न घेतलेली पोरं आली तर? द्या. व्हर्जिनियातल्या चेसापीक शहराने 1970 मध्ये बारा वर्षांवरच्यांना असं खाऊ मागत फिरायला बंदी करून वर तुरुंगवासाची तरतूद ठेवली होती. 2019 मध्ये वयोमर्यादा चौदावर नेली आणि तुरुंगवास काढून टाकला. पंधरा वर्षांचा पोरगा अजून चॉकलेट मागत फिरतोय, याहून निरुपद्रवी त्याने त्या रात्री काय करावं?

उपद्रवाची रात्र न्यू जर्सीत आदली, 30 तारखेची. तिला मिस्चिफ नाइट म्हणतात. झाडांवर टॉयलेट पेपर, गाड्यांवर अंडी असले प्रकार चालतात, म्हणून त्या रात्री गाडी गॅरेजमध्ये लावा आणि भोपळा आत घ्या. आणि हवामान फारच बिघडलं तर नगरपालिकेची सूचना बघा. 2012 मध्ये सँडी वादळानंतर तारा तुटून पडल्या होत्या, तेव्हा गव्हर्नर ख्रिस ख्रिस्तींनी अधिकृत आदेश काढून अख्ख्या राज्याचं हॅलोवीन 5 नोव्हेंबरवर ढकललं होतं.

घरी थांबायचंच नसेल तर वाडगा पायरीवर ठेवून 'एकच घ्या' अशी पाटी लावता येते. पहिली दहा-बारा पोरं पाटी वाचतात.